पिकअपचे पुढचे ब्रेक चिकटतात तेव्हा आधी दाब कुठे अडकलाय ते शोधा

प्रश्न असा आहे. 2009 ची डिझेल पिकअप, पुढे डिस्क, मागे ड्रम. ओतूरहून कांदा भरून माळशेज उतरायचा आणि वाशी गाठायची. निघताना गाडी मोकळी पळते. पंधरा-वीस किलोमीटर झाले की ओढायला जड होते, ब्रेकचं पेडल वर येऊन दगडासारखं कडक लागतं, घाट उतरून टोकावड्याच्या आसपास जळका वास येतो. पुढची दोन्ही चाकं तापलेली, डावं जरा जास्त. तासभर उभी केली की पुन्हा मोकळी. सहा महिन्यांत दोनदा पॅड बदलले, डाव्या कॅलिपरला (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) किट, म्हणजे आतल्या रबरी सीलचा नवा संच, टाकलं, फरक नाही. आता मिस्त्री म्हणतो दोन्ही कॅलिपर नवे घ्या. घ्यावेत का? आणि पत्राच्या शेवटी सहज लिहिलेली एक ओळ: दिवाळीत ब्रेक लाईटचा स्विच तेवढा बदलला होता.

भाऊ, कॅलिपर घेऊ नका. निदान अजून तरी नको. तुमच्या सगळ्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती ती शेवटची ओळ. पण नुसत्या अंदाजावर मी स्विचही दोषी धरणार नाही. सत्तावीस वर्षं पिकअप, टेम्पो आणि जीपच्या खाली घालवल्यावर या दुखण्याबद्दल माझं एक मत पक्कं झालंय. चाक जाम असतानाच तपासायचं. गाडी गॅरेजात येईपर्यंत थंड होते, चाक हाताने गरगर फिरतं, मग मिस्त्री जे दिसेल ते बदलतो. तुमचे दोन पॅडसेट आणि एक किट असंच गेलं.

आधी डिस्क ब्रेक सुटतो कसा ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. मागच्या ड्रममध्ये लायनर मागे ओढायला चांगल्या ताकदीच्या स्प्रिंगा असतात. पुढच्या कॅलिपरमध्ये स्प्रिंग नाही. पिस्टनभोवती चौकोनी काठाचं एक रबरी सील बसवलेलं असतं. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे सरकतो आणि ते सील त्याच्याबरोबर थोडं पिळलं जातं. पाय काढला की सील आपल्या जागी परत येतं आणि पिस्टनला केसभर मागे ओढतं. बस, एवढंच. म्हणून पाईपमध्ये थोडा जरी दाब शिल्लक राहिला तरी सीलची ताकद कमी पडते आणि पॅड डिस्कला घासत राहतो. तेवढ्या दाबाला मागच्या ड्रमच्या स्प्रिंगा दाद देत नाहीत. त्यामुळे मागची चाकं थंड आणि पुढची तापलेली असली, तरी दोष पुढच्या चाकांजवळच आहे असं होत नाही. शिवाय बहुतेक पिकअपमध्ये मास्टर सिलिंडरचा (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑईलला दाब देणारी नळी) एक कप्पा पुढच्या दोन चाकांचा आणि दुसरा मागच्या दोन चाकांचा असतो. दोन्ही पुढची चाकं एकदम धरत असतील तर दोन कॅलिपर एकाच महिन्यात खराब झाले असं मानण्याआधी दोघांच्या वरच्या बाजूला बघा. तिथे दोघांना समाईक असं एकच घर आहे, ते म्हणजे मास्टर आणि त्याच्यामागचा बूस्टर (पायाचा जोर व्हॅक्यूमने वाढवणारा डबा), दांडी, पेडल.

आता तुमच्या लक्षणांकडे. थंड असताना मोकळी, गरम झाल्यावर धरते, पेडल वर येतं आणि कडक होतं, थंड झाल्यावर सुटते. हे ज्या कारणाने होतं त्याचा खुलासा मास्टरमधल्या एका भोकात आहे. ब्रेक ऑईलच्या डबीतून मास्टरच्या नळीत उतरणारं एक अगदी बारीक छिद्र असतं, सुईच्या टोकाएवढं. पाय पेडलवर नसतो तेव्हा पिस्टनचं रबरी वायसर या छिद्राच्या मागे असतं आणि छिद्र उघडं राहतं. ब्रेक वापरला की ऑईल तापून फुगतं, आणि हे फुगलेलं ऑईल याच छिद्रातून डबीत परत जातं. आता काही कारणाने पिस्टन पूर्ण मागे आला नाही, अगदी मिलिमीटरभर पुढे राहिला, तर वायसर त्या छिद्रावरच बसतं. थंड गाडीला काहीच जाणवत नाही, कारण दाब अजून नाही. दोन-चार ब्रेक मारले, ऑईल तापलं, फुगलं, परत जायला वाट नाही. दाब वाढला, पॅड डिस्कला टेकले. घासल्याने आणखी उष्णता, ऑईल आणखी फुगलं, पॅड आणखी घट्ट. माळशेजसारख्या उतारावर हे चक्र फार लवकर फिरतं. उभी केली की ऑईल थंड होऊन आकसतं आणि चाक सुटतं. तुमचं पत्र वाचताना मला हेच चित्र दिसलं.

आणि पिस्टन पूर्ण मागे का येत नाही, त्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे ब्रेक लाईटचा स्विच. पेडलच्या दांड्याला वरून टेकणारा हा स्विच चुडीवर पुढे-मागे होतो. बसवताना तो दोन-तीन पीळ जास्त आत गेला तर पेडल पूर्ण वर येऊच देत नाही. लाईट बरोबर लागते, बंद होते, म्हणून कुणाला शंका येत नाही. पेडल मात्र कायम किंचित दाबलेलं राहतं.

तर आता कामाला लागा. ही तपासणी घाटात करायची नाही. सपाट रस्त्यावर, गॅरेजच्या जवळपास, गाडी पंधरा-वीस किलोमीटर ब्रेक वापरत चालवा, जड वाटायला लागली की सरळ गॅरेजात आणा. इंजिन बंद करा, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, पुढचं एक चाक जॅकवर घ्या आणि चेसीखाली स्टँड लावा. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नका. चाक हाताने फिरवून बघा. पॅडचा हलका सर्र आवाज येणं आणि तरी चाक फिरणं हे ठीक असतं, तो दोष नव्हे. दोन हातांनी जोर लावूनही चाक जेमतेम हललं तर ते धरलेलं आहे. डिस्कला, हबला हात लावू नका. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर दोन्ही डिस्कचा आकडा लिहून ठेवा. नसेल तर रिमच्या जवळ हाताची पाठ धरली तरी डाव्या-उजव्यातला फरक कळतो.

पहिली गोष्ट, पेडलखाली पायाची बोटं घालून ते वर उचला. अक्षरशः वर ओढा. हेल्परने त्याच वेळी चाक फिरवत राहायचं. चाक सुटलं तर दोष सापडला. स्विच जास्त आत आहे, पेडलची परतीची स्प्रिंग मेली आहे किंवा पिन गंजून अडते आहे. स्विचचा नट ढिला करून दोन पीळ मागे घ्या आणि परत बघा. पेडलला मोकळी चाल हवीच. इंजिन बंद, बूस्टरमधला व्हॅक्यूम संपलेला असताना बोटाने दाबल्यावर साधारण 3 ते 6 मिलिमीटर पेडल काहीही न ढकलता हललं पाहिजे. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस पुस्तकातून घ्या.

नाही सुटलं तर बूस्टरचा व्हॅक्यूम पाईप काढा. फुस्स आवाज येईल. डिझेल गाडीत हा व्हॅक्यूम बहुधा अल्टरनेटरला जोडलेल्या पंपातून येतो. पाईप काढताच चाक मोकळं झालं तर बूस्टरच्या आतला व्हॉल्व्ह हवा गळू देतोय आणि तुम्ही पाय न लावताही बूस्टर स्वतःच मास्टरला ढकलतोय. अशा गाडीत इंजिन सुरू केलं की पेडल आपोआप किंचित खाली जाताना दिसतं. हा बूस्टर बदलायचा. पाईप काढलेल्या स्थितीत गाडी रस्त्यावर न्यायची नाही, ब्रेकला लागणारा जोर कितीतरी वाढतो.

तरीही धरलेलंच असेल तर मास्टरचे बूस्टरवरचे दोन नट ढिले करा आणि मास्टर दोन-तीन मिलिमीटर पुढे सरकवा. लोखंडी पाईप तेवढं सहन करतात, पण ओढाताण करू नका. आता चाक सुटलं तर बूस्टर आणि मास्टरच्या मधली दांडी लांब आहे. मास्टर किंवा बूस्टर बाजारातून घेऊन बसवलेला असेल आणि दांडी न मोजता टाकली असेल तर हे होतं. दांडी आणि पिस्टन यांच्यात अगदी थोडी फट हवी. मास्टर आणि बूस्टरच्या मधे लोखंडी वायसर घालून मास्टर पुढे ठेवणं ही फक्त तपासणी आहे. तसं बसवून गाडी कामावर पाठवणारे मी पाहिलेत, कृपा करून ते करू नका. दांडीच नीट सेट करा.

इथपर्यंत काही मिळालं नाही तर आता ऑईलचे जोड उघडायचे, आणि तेही वरून खाली. डोळ्यांना चष्मा हवा, ऑईल गरम असतं आणि पिचकारीसारखं उडतं. रंगावर पडलं तर रंग उतरतो, लगेच पाण्याने धुवा. पाईपच्या नटाला साधा फिक्स पाना लावला की कोपरे घसरतात, एका बाजूला फट असलेला रिंग पाना वापरा. आधी मास्टरमधून पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या पाईपचा नट पाव पीळ ढिला करा. ऑईल जोरात उडालं आणि चाक सुटलं तर दाब मास्टरमध्येच अडकत होता. म्हणजे छिद्र घाणीने बुजलंय किंवा वायसर फुगलंय. नाही सुटलं तर नट आवळा आणि चाकाजवळ जिथे लोखंडी पाईप रबरी होजला मिळतो तो जोड ढिला करा. तिथे सुटलं तर मधला लोखंडी पाईप दगड लागून चेपलाय, हे क्वचित होतं. तिथेही नाही सुटलं तर कॅलिपरचं निपल, म्हणजे एअर काढायचा छोटा स्क्रू, उघडा. निपल उघडल्यावरच चाक सुटलं तर दोष होजमध्ये. निपल उघडूनही चाक धरलेलंच असेल तरच कॅलिपर, तो ज्यांवर सरकतो त्या पिना आणि पॅड यांच्याकडे जायचं.

बरेच जण आधी निपल उघडतात. एकच चाक धरत असेल तर तेही चालतं, एका झटक्यात ऑईलचा दोष की लोखंडाचा ते कळतं. पण दोन्ही चाकं धरत असतील तेव्हा निपल आधी उघडलं की अडकलेला दाब निघून जातो आणि वर काय चाललं होतं त्याचा पुरावाच हातातून जातो. मग पुन्हा वीस किलोमीटर फिरून या. वरून खाली आलात तर एका जाममध्ये सगळं कळतं.

मास्टरचं छिद्र उघडं आहे का हे बघायची अजून एक पद्धत आहे. डबीचं झाकण काढा, हेल्परला पेडल हळूच, सुरुवातीचं बोटभर दाबायला सांगा. ऑईलच्या पृष्ठावर बारीक कारंजं किंवा लाट उठली तर छिद्र उघडं आहे. काहीच हललं नाही तर वायसर आधीच त्याच्यावर बसलंय. तोंड डबीवर नेऊ नका. आणि झाकणाच्या आतलं रबर बघून घ्या. ते फुगून मोठं झालं असेल, परत झाकणात बसत नसेल, तर कुणीतरी ब्रेक ऑईलच्या डबीत दुसरंच तेल टाकलंय. माझ्याकडे एक गाडी अशी आली होती, मालकाच्या मुलाने घरातलं पॉवर स्टिअरिंगचं तेल ओतलं होतं. चारही चाकं धरली होती. खात्री करायची तर ग्लासभर पाण्यात डबीतलं चमचाभर टाका. खरं ब्रेक ऑईल पाण्यात मिसळतं, खनिज तेल वर तरंगतं. तसं निघालं तर मास्टर, कॅलिपर, मागचे व्हील सिलिंडर, होज, सगळं रबर बदलावं लागतं. धुऊन चालत नाही, कारण फुगलेलं रबर परत मूळ मापावर येत नाही.

होजबद्दल सांगायला हवं, कारण तुमचं डावं चाक जास्त तापतं. 2009 च्या गाडीचे होज अजून तेच असतील तर ते पंधरा वर्षांहून जुने झाले. बाहेरून होज धड दिसतो, आतलं अस्तर सुटून पडद्यासारखं लोंबतं. पेडल दाबलं की मास्टरचा जोर त्या पडद्यातून ऑईल पुढे ढकलतो, पण परत यायला तिथे जोर नसतो, ऑईल झिरपत झिरपत येतं. असं चाक पाय काढल्यावर पाच-दहा मिनिटांनी सुटतं. दुसरा प्रकार बाहेरून दिसतो, पण बघायला हवा. होज ज्या लोखंडी पट्टीतून जातो त्या पट्टीच्या आत गंज साठतो आणि फुगून होजला आवळतो. एका गाडीला पॅड, कॅलिपर, मास्टर सगळं नवं टाकून झालेलं होतं, आणि मला सापडलं ते हे, बोटभर पट्टीतला गंज. होज बदलायचे ते जोडीने, आणि बोल्टाखालचे तांब्याचे वायसर नवेच टाका. काम करताना कॅलिपर होजला लटकत ठेवू नका, तारेने चेसीला बांधा. जुन्या होजला ग्रिपप्लायरने चिमटा लावून दाब अडवू नका, तिथेच आतलं अस्तर फाटतं.

कॅलिपरकडे यायची वेळ आली तर पॅड काढून शेजारी ठेवा आणि वाचा. आतला म्हणजे पिस्टनकडचा पॅड जास्त झिजला असेल तर पिस्टन परत येत नाही किंवा कॅलिपर पिनांवर सरकतच नाही. बाहेरचा जास्त झिजला असेल तर कॅलिपर पुढे सरकतो पण पिना त्याला मागे येऊ देत नाहीत. एकच पॅड एका टोकाला पातळ आणि दुसऱ्या टोकाला जाड असेल तर दोनपैकी एक पिन धरलेली आहे. पिना हाताने बाहेर आल्या पाहिजेत. त्या साफ करून सिलिकॉनचं किंवा ब्रेकसाठीचंच ग्रीस लावा, पातळ थरात. चेसीला मारायचं साधं ग्रीस रबरी टोपी फुगवतं, आणि फार भरलं तर हवा कोंडून पिन आपोआप बाहेर ढकलली जाते. पॅडचे कान ज्या खाचेत बसतात तिथला गंज घासून काढा. बाजारातले काही पॅड रंगाच्या थराने इतके जाड असतात की खाचेत ठोकून बसवावे लागतात. ठोकून बसवलेला पॅड परत येणार नाही. कान कानसीने घासून पॅड हाताने सरकेल असा करा.

अनेकांना कोडं पडतं की पॅड नवे टाकल्यावरच चाक धरायला का लागतं. जुने पॅड झिजलेले असताना पिस्टन बराच बाहेर आलेला असतो. धूळ अडवणाऱ्या फाटलेल्या रबरातून पाणी जाऊन त्या बाहेरच्या भागाला गंज चढतो. नवे पॅड जाड, म्हणून पिस्टन आत ढकलला जातो, आणि तो गंजका भाग थेट सीलखाली जातो. सील त्याला सोडत नाही. म्हणून पिस्टन आत ढकलण्याआधी त्याच्याकडे उजेडात बघा, आणि ढकलताना निपल उघडा म्हणजे कॅलिपरच्या तळातली काळी घाण मास्टरकडे परत जाणार नाही. किट टाकताना पिस्टनवर खड्डे पडलेले असतील तर पॉलिश पेपरने घासून काही होत नाही, पिस्टन नवा हवा. आणि सील ज्या खोबणीत बसतं ती खोबणी खरवडून स्वच्छ करायलाच हवी. तिथे राहिलेला थर नव्या सीललाही पिस्टनवर दाबून धरतो. तुमच्या डाव्या कॅलिपरला किट टाकताना हे झालं का, विचारून घ्या. पिस्टन काढताना कॉम्प्रेसरची हवा मारू नका. तो गोळीसारखा सुटतो आणि मधे बोट असेल तर बोट जातं. समोर लाकडाचा तुकडा धरून पेडलच्याच दाबाने बाहेर काढा.

हबचा बेअरिंग नट फार आवळलेला असला तरी चाक तापतं, पण तेव्हा हब जास्त गरम आणि डिस्क त्या मानाने कमी असते. डिस्क निळी पडली असेल तर तिची जाडी मोजा. किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. त्याखाली गेली तर बदला.

दोष काहीही निघो, ऑईल मात्र पूर्ण बदला. तुमचं ऑईल अनेकदा तापलंय. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषतं. डॉट 3 दर्जाचं ऑईल नवं असताना निदान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, पाणी शोषल्यावर ही मर्यादा 140 पर्यंत उतरते. डॉट 4 चे आकडे 230 आणि 155. घाटात चाकं धरलेली असताना ऑईल उकळलं की वाफ होते आणि इतका वेळ कडक असलेलं पेडल एकाएकी तळाला जातं. तुमच्याकडे आजवर हे झालं नाही, पण कांदा भरून माळशेजच्या वळणावर ते व्हायला नको. म्हणून हे काम होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नका. रस्त्यात चाक धरलंच तर सपाटीला बाजूला घ्या, चाकांना दगड लावा आणि थंड होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते किंवा तडकते.

नवं ऑईल भरून एअर काढताना मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा. आपल्याकडे मास्टर उजवीकडे, म्हणून मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. डबी मधेच रिकामी होऊ देऊ नका.

तुमच्या बाबतीत माझा क्रम असा राहील. पहिल्यांदा स्विच आणि पेडलची चाल, ते फुकटचं काम आहे. त्याने दोन्ही चाकं सुटली आणि तरी डावं वेगळं तापत राहिलं, तर डावा होज आणि त्या कॅलिपरच्या पिना. दोन दुखणी एकत्र असू शकतात, सहा महिने तापलेल्या गाडीत बहुधा असतातच. मग रिकामी गाडी वीस किलोमीटर फिरवा, शेवटचा अर्धा किलोमीटर ब्रेक न लावता येऊन हँडब्रेकवर थांबा, दोन्ही पुढच्या चाकांची उष्णता सारखी लागते का बघा. सारखी लागली तर अर्धा माल भरून तेच करा. त्यानंतर माळशेजला उतरा, खालच्या गिअरमध्ये, आणि घाटाखाली मोरोशीला पाच मिनिटं थांबून रिमजवळ हात धरा. पेडलची चाल ओतूरला निघताना होती तेवढीच तिथे लागली पाहिजे.